देवकाचं लाकूड

मच्छिंद्रनं ‘शेठ’ अशी हाक मारली आणि संयमनं दचकून वर पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या ओळखीत या माणसानं त्याला कधी शेठ म्हटलं नव्हतं. शेठ म्हणजे संयमचे वडील, धरमचंद. ते जाऊन तीन वर्षं झाली तरी मच्छिंद्रच्या तोंडचा तो शब्द दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नव्हता. संयम म्हणजे फार तर ‘संयमभाऊ’, आणि त्यातही भाऊवर जरा नको इतका जोर, एखाद्या रडक्या पोराला ‘राजे’ म्हणावं तसा. त्यामुळे आज भर दुपारी, बाहेर नारायणगावच्या रस्त्यावर द्राक्षांच्या गाड्या हॉर्न बडवत असताना, दुकानाचं काचेचं दार ढकलून तो आत आला आणि ‘शेठ, जरा काम व्हतं’ म्हणाला तेव्हा संयमला बरं वाटायला हवं होतं. वाटली ती भीती. हा माणूस काहीतरी मागायला आला आहे आणि तो जे मागणार ते आपल्यापाशी नाही, एवढं त्याला त्या एका शब्दावरून कळलं. हातातला लॅमिनेटचा नमुना त्यानं उगाच उलटा करून पाहिला.

मच्छिंद्र एकटा नव्हता. त्याच्यामागून एक म्हातारा आला, पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि आत येताच सगळीकडे अशी नजर फिरवणारा की माल घ्यायला नव्हे, माणूस पारखायला आला असावा. मच्छिंद्रनं बगलेतलं लाल फडक्यातलं गाठोडं काउंटरवर ठेवलं. ठेवलं म्हणजे टेकवलं, अगदी हलक्या हातानं. मग त्यानं कपाळाला हात लावला आणि गाठ सोडली. आत लाकूड होतं. हातभर लांबीचा ओंडका, मांडीएवढा जाड, एका अंगाला साल शाबूत आणि सालीवर वाळून काळपट पडलेलं हळदकुंकू. ‘हे कशाचं हाये तेवढं सांगा,’ मच्छिंद्र म्हणाला, ‘ह्या पावण्यांसमोर सांगा.’ कॉम्प्युटरपाशी बिलं करत बसलेली चेतना मान वर करून बघू लागली. नवऱ्याला कुणी असं साक्षीदार घेऊन, हात जोडून लाकूड ओळखायला सांगतंय ही गोष्ट तिच्या बघण्यात पहिल्यांदाच येत होती.

खरं म्हणजे यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. दुकानावर अजून ‘लाकडाची जुनी वखार’ अशी पाटी होती आणि आत लाकूड औषधालासुद्धा नव्हतं. प्लाय, लॅमिनेट, सागाचा रंग फासलेला भुस्सा. वडिलांचा श्वास थांबला त्याच महिन्यात संयमनं करवत विकली, आणि ती ट्रकमध्ये चढवताना त्याला जे सुख झालं ते लग्नातही झालं नव्हतं. तरी लोक येत. जुनी दारं मोडून काढलेली फळी घेऊन येत, शेतातली फांदी घेऊन येत, हे काय ते काय विचारत, आणि संयम भुवया आवळून, एकदा वास घेऊन, एक नाव सांगून टाकी. धरमचंदचा पोरगा म्हणतोय म्हणजे असेलच, असं म्हणून लोक जात. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ रिकामी आहे हे जगात दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं. त्यातलं एक माणूस गेलं होतं आणि दुसरं आत्ता समोर उभं राहून त्याला शेठ म्हणत होतं.

तेव्हा संयम सोळा-सतरा वर्षांचा होता. रविवारची सकाळ असायची. वडील देरासरातली पूजा करून परत येत, कपाळावरचा केशराचा टिळा अजून ओला असे, आणि वखारीच्या ओट्यावर लाकडांचे तुकडे एका ओळीत मांडत. ऐन, धावडा, शिवण, बिबळा, कळंब, खैर. संयमच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला जाई. एकेक तुकडा हातात पडे. ‘घाई नको करू. नखानं विचार त्याला. वजन विचार.’ वडिलांचा आवाज पहिल्या तुकड्याला मऊ असे, दुसऱ्याला कोरडा, आणि तिसऱ्यापर्यंत संयमच्या तळव्याला इतका घाम सुटे की सगळी लाकडं सारखीच ओली आणि सारखीच मुकी लागत. करवतीला टेकून मच्छिंद्र उभा असे. घाटघरच्या बाजूचं मेंढरं राखणाऱ्या घरातलं पोर, विशीतलं, कामाला लागून वर्ष झालेलं. त्याला कुणी टॉवेल बांधला नाही, कुणी शिकवलं नाही. शिवणीला सागवान म्हणाला तो दिवस संयम विसरला नव्हता. वडिलांनी टॉवेल सोडला, तोच तुकडा मच्छिंद्रकडे भिरकावला, आणि त्यानं तो झेलता झेलताच ‘शिवन’ म्हटलं. सुतार हसले. वडील म्हणाले, ‘ह्याच्या बोटांना डोळे आहेत. तुझ्या डोळ्यांनाही डोळे नाहीत.’ घरात मारवाडीत बोलणारे वडील अपमान मात्र मराठीत करत, म्हणजे तो सगळ्यांना समजावा.

मच्छिंद्र आठ वर्षं राहिला आणि मग घरची शेती बघायला गेला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. संयम पुण्याला शिकायला गेला तेव्हा ते दोनदा वाढून घेऊन जेवले होते, असं आई सहज सांगे. शेवटच्या आजारात वडिलांनी दोनदा विचारलं, मच्छिंद्र आला होता का. तो आला तेव्हा ते उरले नव्हते. बायकांसारखा तोंडाला टॉवेल लावून रडला, आणि आलेले सगळे त्याच्याकडे पाहत राहिले, कारण पोटचा पोरगा कोरड्या डोळ्यांनी खुर्च्या मांडत होता. संयमला त्या रडण्याचा जेवढा राग आला तेवढा वडिलांचा जन्मभरात आला नव्हता. आमचा बाप मेलाय, तू कशाला रडतोस. तुझा वाटा तू केव्हाच घेतलास.

आणि आता हा विचारतोय, हे कशाचं लाकूड आहे.

‘तू सांग की,’ संयम म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून बारीक निघाला. ‘तुला माहीत नाही असं कुठलं लाकूड आहे?’

‘त्यांना नाव घेता येत न्हाई ना,’ म्हातारा म्हणाला आणि आपण होऊन स्टुलावर बसला. त्याचं नाव सोमाजी, घोडेगावच्या पलीकडचा. त्याचा पुतण्या आणि मच्छिंद्रची मुलगी आरोही चाकणला एकाच कंपनीत होती. ‘तीन वर्सं वळख हाये पोरांची. पोरीनं घरात सांगून ठिवलंय, ह्यो न्हाई तर कुनी न्हाई. आमाला बी पोरगी पसंत हाये. पर देवक इचारलं तर हे गप. आमचं देवक कळंब. ह्यांचं बी तेच निघालं तर दोघं भाऊ-बहीण लागत्यात. मग कसलं लगीन? आन् लोक म्हनत्यात, ह्यांचं बी कळंबच.’

‘लोक काय बी म्हनतील,’ मच्छिंद्र म्हणाला. ‘आमच्यात देवकाचं नाव तोंडानं घेत न्हाईत. बाईमानूस नवऱ्याचं घेत नव्हतं तसं. रस्त्याच्या कडंला झाड व्हतं आमचं, लगीन निघालं की त्याचीच डहाळी आनायची. नुसतं झाड म्हनायचं. रस्ता रुंद केला तवा ते पाडलं. पानं गेली, येवढं राहिलं. मी आनून देव्हाऱ्यात ठिवलं.’

‘नाव घेऊ नका, आमी कुटं घ्या म्हनतो,’ सोमाजी म्हणाला. ‘पर कुनीतरी घ्यायला पायजे. कान सोनारानंच टोचावं. तर ह्यांनीच सुचिवलं, नारायनगावला धरमचंद शेटचं पोरगं हाये, त्याला इचारू, तो म्हनंल ते खरं. माझ्या थोरल्या घराची दारं तुमच्या वडलांनी दिल्याली. चाळीस वर्सं झाली, अजून फुगली न्हाईत. म्या म्हनलं चालंल. तुमी आता कळंब म्हना नायतर आनि काय म्हना, रयवारी सुपारी फुटंल नायतर न्हाई फुटनार.’

संयमनं खालच्या खणातून वडिलांची पटाशी काढली. का काढली हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. नाव सांगून मोकळं होता आलं असतं, नेहमीसारखं. पटाशी बघताच मच्छिंद्रनं ओंडक्याला हात जोडले, काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, ‘तुमी लावा हत्यार. मला बघायचं नसतं.’ तो पाठ करून दाराकडे तोंड करून उभा राहिला. असं होईल हे मात्र संयमच्या ध्यानात नव्हतं आलं. मच्छिंद्र जवळ उभा आहे, आपल्या हातात लाकूड आहे आणि तो बघत नाही, असं जन्मात पहिल्यांदाच होत होतं.

आधी साल. राखाडी, फार जाड नाही. ऐनाची असते तशी सुकलेल्या तळ्यासारखी चौकोन चौकोन फुटलेली नाही, धावड्याइतकी गुळगुळीतही नाही. तिचे गोलसर पापुद्रे निघून गेले होते आणि त्यांच्या जागी उथळ खळगे राहिले होते, देवी येऊन गेलेल्या तोंडावर असतात तसे. संयमचा अंगठा एका खळग्यात बसला. तिथून दुसऱ्यात गेला. त्याला वाटलं आता घाम सुटेल. सुटला नाही. त्यानं ओंडका उचलून वजन पाहिलं, मधलं, ना खैराचं ना सावरीचं. मग उलट्या टोकाला पटाशी लावून एक ढलपी काढली. वरचा भाग वर्षानुवर्षं धूर खाऊन मातकट झाला होता. आतला ताजा भाग उघडा पडला आणि तो गुलाबी होता, अगदी फिका, तपकिरीकडे झुकलेला. वरच्या लाकडाचा रंग एक आणि गाभ्याचा दुसरा, असं काही नाही, सगळं एकसारखं. रेषा बारीक आणि दाट. नख दाबलं तर जेमतेम उमटलं. वास घेतला, तर हळदकुंकवाचा आला, लाकडाचा असा आलाच नाही. त्यानं बोट ओलं करून त्या गुलाबी जागेवर फिरवलं आणि रंग जरा गडद झाला, आणि कुणीही काही न सांगता, वडिलांचा आवाज कानात न येता, ज्याची वाट बघून बघून तो सतराव्या वर्षी दगड झाला होता ती गोष्ट सहज घडली. हे कळंब आहे. त्यानं विचार करून काढलं नव्हतं. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसल्यावर त्याचं नाव आठवावं लागत नाही, तसं ते झालं. त्यानं आणखी एक ढलपी काढली, गरज नव्हती तरी. बोटांना एवढं सुख होतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पण टॉवेल बांधून.

त्याला हसू येणार होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच आंबलं. कारण पुढची गोष्टही तेवढ्याच सहज कळली. मच्छिंद्रला हे कळंब आहे हे ठाऊक होतं. ज्याच्या बोटांना डोळे, त्याला घरचं झाड ठाऊक नसेल? जुन्नरला लाकूडवाले होते, मंचरला होते, घाटघरच्या वाडीवर म्हातारी माणसं होती, त्यांतल्या कुणीही साल बघून एका झटक्यात नाव घेतलं असतं. ते सगळे टाळून हा दोन तास जीपमध्ये बसून इथे आला, कारण त्याला नाव असलेला आणि काही न कळणारा माणूस पाहिजे होता. असा माणूस दोन तालुक्यांत एकच होता. संयम वाट्टेल ते सांगेल, साग म्हणेल, बाभूळ म्हणेल, कळंब सोडून काहीही म्हणेल, एवढा त्याचा भरवसा. आणि वर शेठ. गळ्याला सुरी लावताना बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवतात, तशातलं ते शेठ होतं.

संयमचे कान तापले. सांगतो, असं त्यानं मनाशी म्हटलं. आता असं सांगतो की तू जागच्या जागी खचशील. कळंब. तीन अक्षरं. सोमाजी उठेल, टोपी सारखी करेल, जीपमध्ये जाऊन बसेल. आणि तू मागे वळून माझ्याकडे बघशील, आणि तुला कळेल की मला कळतं. सत्तावीस वर्षांनी. पुढे तुझी पोरगी रडो, चाकणची नोकरी सोडो, काय वाटेल ते करो. मी खोटं तर बोललो नाही. खोटं बोलू नये हे आमच्या महाराजांनी चातुर्मासात चार महिने रोज सांगितलं आहे, आणि आज प्रथमच ते पाळायला एवढा जोर येतोय. हा विचार त्याला इतका आवडला की तो जरा थांबून त्याची चव घेत राहिला.

‘काय, कळंना का?’ सोमाजीनं विचारलं.

‘थांबा जरा,’ संयम म्हणाला. तो मच्छिंद्रच्या पाठीकडे बघत होता. पन्नाशीला आलेला माणूस. मानेवरचे केस पिकले होते. हात पाठीमागे बांधलेले, आणि उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं अशी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. पटाशीचा आवाज त्यानं ऐकला होता. एक ढलपी, मग बराच वेळ थांबणं, मग दुसरी ढलपी. न कळणारा माणूस एवढा वेळ लावत नाही, हे त्याला ऐकून कळलं असणार, कारण बांधलेले हात आता थरथरत होते. हे हात थरथरताना बघायला मिळावेत म्हणून संयमनं पोरवयात नवस बोलले असते. आता ते समोर थरथरत होते, तर त्याला काही मजा येईना. स्वतःचाच संताप आला. एवढ्या वर्षांचं घोटलेलं वैर ऐन वेळी असं पातळ कसं झालं. त्या मुलीचं भलं व्हावं असं काही त्याच्या मनात आलं नव्हतं, ती त्याची कोण लागत होती. एवढंच झालं की देवाला पाठ दाखवून, देवालाच फसवायला आलेला हा माणूस त्याला अगदी ओळखीचा वाटला, आणि त्याच्यावर शेवटचा घाव घालायला हात उचलेना. आणि एक लबाड आशाही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. वाटलं, मी दुसरं नाव घेतलं की हा समजेल. एवढं पारखून मग खोटं सांगितलं म्हणजे जाणून सांगितलं, हे त्याच्यासारख्याला समजणारच. नजरेला नजर मिळेल. दोघांनाच ठाऊक असेल. तेही पुरे होतं.

‘हेद आहे हा,’ संयम म्हणाला.

‘कळंब न्हाई?’

‘नाही. कळंबाचा जवळचाच, पण वेगळा. हेद.’

सोमाजीनं सुस्कारा सोडला, मांडीवर थाप मारली. ‘देवाशपथ सांगतो, माझ्या मनात बी धाकधूक व्हती. सुटलो. मच्छिंद्रराव, वळा आता.’

मच्छिंद्र वळला. त्याचा चेहरा आधी नुसताच सैल पडला, ताप उतरल्यावर पडतो तसा. मग त्याची नजर काउंटरवरच्या ढलप्यांवर गेली. त्या तिथे पडल्या होत्या, गुलाबी, ताज्या, ओल्या. हेद आतून हळदीसारखा पिवळा असतो, हे वखारीत चार दिवस झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं. मच्छिंद्रनं ढलप्या पाहिल्या आणि मग संयमकडे पाहिलं. संयम वाट बघत होता. तो डोळे न हलवता बघत राहिला, जमेल तेवढं सगळं डोळ्यांत आणून. आणि मच्छिंद्रच्या मिशीखाली ते जुनं हसू उमटलं, करवतीला टेकून उभं राहण्याच्या दिवसांतलं. त्यात कीव होती, सुटका होती, आणि मी सांगत नव्हतो का, असं काहीतरी होतं. बाकी काही नव्हतं. संयमनं पुन्हा पुन्हा शोधलं, पण नव्हतं.

‘लई तरास दिला तुमाला,’ मच्छिंद्र म्हणाला. त्यानं एकेक ढलपी वेचली, खाली फरशीवर उडालेली वाकून शोधून काढली, सगळ्या ओंडक्याबरोबर फडक्यात बांधल्या. देवकाचा कणही बाहेर टाकायचा नसतो. मग कुणाला ऐकू जाणार नाही असं पुढे झुकून तो म्हणाला, ‘पटाशी बाकी अगदी त्यांच्यावानी धरली तुमी. नक्कल झाक जमली.’ तो हे दुष्टपणानं म्हणाला नाही. उपकार झालेल्या माणसाला काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाला. संयमला वाटलं, तीच पटाशी उचलावी आणि त्याच्या हातात, तळव्याच्या मधोमध, घालावी.

सोमाजीला आता गप्पांचा हुरूप आला होता. पुतण्याला दोन खोल्या वाढवायच्या आहेत, चौकटी लागतील, तर संयमनंच उभं राहून लाकूड निवडून द्यावं. ‘आता लाकूड जाननारी मानसं राहिली न्हाईत, राव. वडलांचा हात तुमच्यात उतरलाय,’ असं तो दारात उभं राहून दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यानं मच्छिंद्रला साक्षीला घेतलं. ‘उतरलाय की,’ मच्छिंद्र म्हणाला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. संयम काउंटर सोडून झटकन बाहेर आला. एक वाक्य होतं, फक्त एक, मला रंग दिसला होता. मच्छिंद्र मागच्या सीटवर गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्याला चिकटून सोमाजी. ‘काय राहिलं का?’ मच्छिंद्रनं विचारलं. ‘नाही,’ संयम म्हणाला, ‘चौकटींची मापं पाठवा.’ जीप द्राक्षांच्या गाड्यांमध्ये घुसली आणि जुन्नरच्या बाजूला वळली. तो धुळीत उभा राहिला. पुढे त्या घरात काही वाईट झालं, पोर झालं आणि जगलं नाही, तर मच्छिंद्र कुणाला दोष देईल, हा प्रश्न त्याला तिथे पहिल्यांदा पडला. आपल्याला नाही देणार, हेही कळलं. ज्याला काही कळत नाही त्याला कोण दोष देतो.

तो आत आला तेव्हा चेतना काउंटर पुसत होती. कुंकवाचा डाग जात नव्हता.

‘अहो, हेद पिवळा असतो ना?’ तिनं विचारलं. ‘बाबूजी म्हणायचे, हळदीसारखा पिवळा. हे तर गुलाबी होतं.’

‘असं?’

‘मलासुद्धा कळलं. तुम्ही पण ना.’ ती हसली. त्यात वाईट काही नव्हतं, वीस वर्षांच्या संसारातलं सवयीचं हसू होतं ते. ‘माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं. कशाला उगाच बाबूजींचं नाव खराब करायचं?’

संयमनं तोंड उघडलं. हिला सांगितलं तर ही आईला सांगेल, आई देरासरात सांगेल, आणि रविवारच्या आत ते घोडेगावला पोचेल. त्यानं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि डाग स्वतः पुसायला लागला.

‘मला कुठे काय कळतं लाकडातलं,’ तो म्हणाला.